माइकचं नाव शेवटी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या एका खोलीत स्वतःचं गाणं, गिटार आणि अधूनमधून हार्मोनियम रेकॉर्ड करायची आहे. विंडोजचा लॅपटॉप आहे, आठ जीबी रॅमचा. मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर माइक, पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी आणि भिंतीला लावायचा फोम, एवढं मनात पक्कं झालंय. राहिलंय ते इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) आणि सॉफ्टवेअर, तेवढं सांगा.

तेवढं सांगतो, पण आधी यादी उलटी करू द्या. जे पक्कं झालंय त्यातलं बरंचसं मी आज घेऊ देणार नाही, आणि माइकचं नाव तर अगदी शेवटी. कारण मी हे सगळं याच क्रमाने घेऊन बसलो होतो.

पहिला कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक, आणला तेव्हा दोन दिवस नुसता खोका उघडून बघत होतो. तिसऱ्या दिवशी रात्री घर झोपल्यावर एक गाणं गायलो. लय मिनिटाला ७२. ऐकलं तर झकास. मग मिक्स करताना आवाजाला कॉम्प्रेसर लावला आणि दोन ओळींच्या मधल्या शांततेत काहीतरी टिचकतंय असं वाटायला लागलं. आधी केबलवर संशय घेतला, ती बदलली. मग वाटलं, आपली जीभच टाळ्याला लागतेय. शेवटी डोळे मिटून मोजलं तर सेकंदाला एक, अगदी नेमकं एक. पाठीमागच्या भिंतीवरचं घड्याळ! गाणं ७२ चं, घड्याळ ६० चं. दर पाच सेकंदांनी दोघं एकदा समेवर भेटायचे आणि लगेच फारकत घ्यायचे. एकदा कानात बसल्यावर मला त्या गाण्यात दुसरं काही ऐकूच येईना. घड्याळ तेव्हापासून दुसऱ्या खोलीत आहे.

यात माइकची काही चूक नव्हती, तो त्याचं काम चोख करत होता. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, मग आपण सगळ्याची पातळी वर उचलतो. दहा डेसिबल उचललं की पंखा, फ्रिज, घड्याळ, खुर्चीची करकर, सगळं दहा डेसिबलने वर येतं. रेकॉर्डिंग करताना जे ‘आहे, पण चालेल’ वाटतं, ते मिक्समध्ये चालत नाही.

म्हणून आज काहीही विकत न घेता एक करा. ज्या खोलीत गाणार त्या खोलीत फोनवर ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, एकदा पंखा चालू ठेवून आणि एकदा बंद करून. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये आवाज साफ करणारी सोय असेल तर ती बंद ठेवा, नाहीतर तोच फोन तुमच्याशी खोटं बोलेल. मग हेडफोन लावून आवाज चढवा आणि ऐका. नंतर खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्र्र’ असं काही थरथरत गेलं, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. हीच टाळी कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर वाजवा, फरक लगेच कळेल. घरातली रेकॉर्डिंगची जागा अशीच सापडते. बहुतेक वेळा आपण मनात धरलेल्या कोपऱ्यात ती नसते.

आता फोम. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा, पिरॅमिडच्या आकाराचा फोम दिसतो स्टुडिओसारखा, पण काम फार थोडं करतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे १०० हर्ट्झच्या सुराची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर भरते. असा सुर शोषायला लागणारी जाडी त्या लांबीच्या चौथ्या भागाच्या हिशोबात मोजतात. तिथे बोटभर फोम काय करणार? तो फक्त वरचे, तीक्ष्ण सूर खाऊन टाकतो आणि खालचा घुमारा तसाच राहतो. खोली मग शांत होत नाही, कोंदट होते, खोक्यात तोंड घालून गायल्यासारखी. त्यापेक्षा जाड गोधडी, उभी केलेली गादी, पुस्तकांनी भरलेलं कपाट बरं. हात चालत असेल तर दहा सेंटिमीटर जाडीच्या खनिज लोकरीवर कापड ताणून पॅनेल बनवा आणि भिंतीपासून थोडं अंतर सोडून उभं करा. अंडी ठेवायच्या ट्रेबद्दल विचारूच नका.

एक चूक जाणकारांकडूनही होते. गोधडी माइकच्या मागे टांगतात. कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड करून गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत ऐकतो. म्हणून पहिली गोधडी तुमच्या पाठीमागे हवी. माइकमागची दुसरी.

आणि हे सगळं खोलीतला घुमारा कमी करण्यासाठी. बाहेरच्या गाडीचा किंवा शेजारच्या टीव्हीचा आवाज त्याने अडत नाही. तो अडवायला वजन लागतं आणि फट न ठेवणारी दारं-खिडक्या लागतात. भाड्याच्या किंवा राहत्या घरात ते सहसा जमत नाही, तेव्हा वेळ निवडा.

खोलीवर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे अंतर. तोंड माइकपासून जितकं जवळ तितका थेट आवाज जास्त, खोलीचा मात्र जवळपास तेवढाच राहतो. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो. साठ सेंटिमीटरवरून पंधरावर आलात तर दोनदा निम्मं झालं, बारा डेसिबल मिळाले. असा फायदा कुठलाही महागडा माइक देत नाही. मी वीतभर अंतर धरतो, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाची फुंकर अडवणारी जाळी. त्याहून जवळ गेलं की दिशादर्शी माइकमध्ये खालचे सूर फुगतात. कुणाच्या पातळ आवाजाला ते शोभतं, भरदार आवाजाचा मात्र चिखल होतो.

आता मॉनिटर स्पीकर. ते आत्ता घेऊ नका. तीन मीटर लांबीच्या खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपासचा सुर दोन भिंतींमध्ये अडकून बसतो. एका जागी तो दुप्पट ऐकू येतो, खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. तुम्ही नेमके मध्ये बसून मिक्स करणार, बास ऐकू येत नाही म्हणून तो वाढवणार, आणि तेच गाणं दुसरीकडे वाजलं की भांडी थरथरणार. हे स्पीकरच्या दर्जाने सुटत नाही. उलट मोठा स्पीकर लहान खोलीला आणखी छेडतो. हेडफोनला खोली नसते, म्हणून पहिली दोन वर्षं हेडफोनवरच काढावीत असं माझं मत आहे. मत म्हणतोय, कारण स्पीकरवर शिकलेले चांगले लोक याच्याशी कडाडून भांडतात.

हेडफोन एकच घेणार असाल तर बंद पाठीचा घ्या. गाताना कानातला ठेका माइकमध्ये झिरपायला नको. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून जगभरच्या रेकॉर्डिंगच्या खोल्यांत लटकतोय. देखणा अजिबात नाही, वरचे सूर जरा टोचतात, पण चूक लपवत नाही. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो कानाला जास्त सुखाचा. तो वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतो. साध्या इंटरफेसला ८० ओहमचा झेपतो, २५० ओहमचा लावला तर पुरेसा मोठा वाजेलच असं नाही. उघड्या पाठीचे हेडफोन मिक्सिंगला छान, ते पुढे कधीतरी. ब्लूटूथवाले मात्र नकोत. त्यांतला आवाज जाणवण्याइतका उशिरा पोचतो, आणि स्वतःचाच आवाज मागून ऐकत गाणं म्हणजे जिभेला गाठ.

इंटरफेस. यात फार डोकं खाजवू नका. दोन माइक लागतील असे दोन इनपुट, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सरला केबलमधूनच मिळणारी वीज), डायरेक्ट मॉनिटरिंग (ते काय, पुढे सांगतो) आणि कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिराने नेणारा), एवढं असलं की झालं. एकच इनपुट असलेला स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. तुम्ही गाताना वाजवता, म्हणजे दुसरा माइक लागणारच. फोकसराइट स्कारलेट २आय२, मोटू एम२, ऑडिएंटचे लहान इंटरफेस, यांतला कुठलाही निवडा. आवाजाच्या शुद्धतेत या मंडळींमधला फरक तुमच्या पंख्याखाली दबून जाईल. मला मोटूचा पुढचा छोटा पडदा आवडतो, पातळी डोळ्यांसमोर दिसते. स्कारलेटच्या २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत गेन, म्हणजे माइकचा आवाज किती चढवायचा ते, आपोआप लावून घ्यायची आणि फुटणारा आवाज सावरायची सोय आहे. एकटा माणूस जेव्हा गायकही असतो आणि रेकॉर्डिस्टही, तेव्हा ती खरोखर उपयोगी पडते.

खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ लिहिलेलं असेल, ते विसरा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एवढं लावून ठेवा आणि पुन्हा त्या सेटिंगकडे जाऊ नका. २४ बिटचा खरा फायदा हा की पातळी भीतभीत वर चढवावी लागत नाही. सगळ्यात जोरात गायलात तरी मीटर वजा बारा डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. तालमीत माणूस हळू गातो आणि टेकच्या, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या, वेळी अंगात येतं, तेव्हा ही जागा लागते. लाल दिवा लागून फुटलेला टेक नीट दुरुस्त होत नाही. हळू रेकॉर्ड झालेला मात्र निमूट वर उचलता येतो.

लेटन्सीबद्दल, म्हणजे आवाज कानात उशिरा पोचण्याबद्दल, लोक उगाच घाबरतात, म्हणून हिशोब सांगतो. कॉम्प्युटर आवाज छोट्या तुकड्यांत हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाताना एकदा, येताना एकदा, वर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचा थोडा वेळ, असे साधारण आठ-दहा मिलिसेकंद होतात. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे तीनेक मीटरवर ठेवलेल्या स्पीकरमधून स्वतःला ऐकल्यासारखं. गिटारला चालून जातं. गाताना मात्र तोच आवाज हाडांमधूनही कानात येत असतो, त्यामुळे तेवढाही उशीर काहींना खुपतो. मग इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग लावा, आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट कानात येईल. अट एकच, त्या वेळी सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर एकाच आवाजाचे दोन होतील. रेकॉर्डिंग संपलं की बफर १०२४ वर न्या आणि लॅपटॉपला श्वास घेऊ द्या.

यूएसबी माइकबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढे विचाराल. एकट्या बोलण्याच्या कामाला तो उत्तम. तुम्हाला नको, कारण दोन यूएसबी माइक एकत्र चालवायला गेलात की दोघांची आतली घड्याळं वेगळी निघतात आणि दोन आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकतात. हो, पुन्हा घड्याळच.

लॅपटॉप पुरेल. दहा-पंधरा ऑडिओ ट्रॅक आणि माफक इफेक्ट यांना आठ जीबी चालतात. मोठमोठ्या सॅम्पल लायब्ररी लोड करायला लागलात की मात्र सोळा लागतील. आज अडेल ते त्याच्या पंख्यापाशी. लांब केबल घेऊन लॅपटॉप माइकच्या पाठीकडे, जमेल तितका दूर ठेवा. चार्जर लावल्यावर कधी कधी एक बारीक गुणगुण येते, ५० किंवा ६० हर्ट्झची, जिथली वीज जशी तशी. टेक घेताना बॅटरीवर चालवून बघा. दहातल्या सात वेळा माझा प्रश्न तेवढ्यावर सुटलाय, उरलेल्या वेळी केबल खराब निघाली.

सॉफ्टवेअर. यावर लोक धर्मयुद्ध करतात, मी तीन वाक्यांत आटपतो. इंटरफेससोबत जे येतं, म्हणजे एबलटन लाइव्ह लाइट किंवा क्यूबेसची छोटी आवृत्ती, ते आधी उघडून एक गाणं पूर्ण करा. नाही जमलं तर रीपर. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, जुन्या लॅपटॉपवरही फुलासारखं हलकं चालतं, आणि माझं रोजचं काम त्याच्यावरच होतं.

तीन वाक्यं झाली, तरी थोडं राहिलं. गॅरेजबँड सुंदर आहे, पण ते मॅकवर, तेव्हा तुमच्या कामाचं नाही. ऑडॅसिटी कापाकापीला आणि एका आवाजाच्या कामाला छान. चालू गाण्यावर इफेक्ट बदलत ऐकायची सोय त्यात २०२२ मध्ये, ३.२ आवृत्तीत आली. तरी अनेक ट्रॅकचं गाणं त्यात बांधायला घेतलंत तर हात आखडतो. रीपर पहिल्यांदा उघडल्यावर सरकारी कार्यालयात आल्यासारखं वाटेल, सगळीकडे बटणं. घाबरू नका. पहिल्या महिन्यात फक्त एवढंच शिका: ट्रॅक तयार करणं, तो रेकॉर्डसाठी सज्ज करणं, तुकडा कापणं, दोन टेकमधून बरा भाग निवडणं. प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे जादा इफेक्ट, विकत घेऊ नका. सॉफ्टवेअरसोबत येणारा इक्यू, कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब यांवर माझी कित्येक कामं बाहेर गेलीत, आजवर कुणी विचारलं नाही की कुठला कॉम्प्रेसर होता.

विंडोजवर ध्यानात ठेवायचं ते हे की सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तुमच्या इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर निवडलेला असला पाहिजे. स्टाइनबर्गने हा प्रकार १९९७ मध्ये आणला तो याच उशिराच्या भानगडीसाठी. ‘एएसआयओ-फॉर-ऑल’ नावाचं एक फुकटचं जुगाड सगळीकडे सुचवलं जातं. ज्या यंत्राला स्वतःचा ड्रायव्हर नाही त्याच्यासाठी ते आहे. तुमच्याला असताना ते घालून गोंधळ वाढवू नका.

साठवणीचं एवढंच: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडं वर जातो. दोन माइक तासभर चालू ठेवले तर एक जीबी. आजच्या डिस्कला हे काहीच नाही, तेव्हा फसलेले टेकही दोन ठिकाणी ठेवा. एकदा फसलेल्या टेकमधला एक ‘हं’ मला दुसऱ्या दिवशी सोन्यासारखा लागला होता.

स्टँडवर कंजुषी नको. मध्यरात्री हळूहळू मान टाकणारा स्टँड म्हणजे प्रत्येक टेकला वेगळा आवाज. केबल सहा मीटरच्या दोन, एक्सएलआर, धड जोडणीच्या.

आणि आता माइक. वर खोलीची शांतता रेकॉर्ड करायला सांगितली ती इथे कामाला येते. कंडेन्सरच्या कागदावर त्याचा स्वतःचा खरखराट लिहिलेला असतो. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० चा २० डेसिबल, रोडच्या नव्या एनटी१ चा अवघा ४. कागदावर जमीन-अस्मानाचा फरक! पण रात्रीची बऱ्यापैकी शांत शयनखोलीसुद्धा तीसेक डेसिबलची असते. म्हणजे साधा माइकच खोलीपेक्षा दहा डेसिबल शांत आहे, आणि एनटी१ ने वर जे वाचवलं ते खोलीने गिळलं. पंखा बंद करता येत असेल, रात्रीची वेळ मिळत असेल, गोधडी टांगली असेल, तर एनटी१ घ्या, वर्षानुवर्षं पुरेल. ते जमणार नसेल तर एटी२०२० वर भागेल.

किंवा डायनॅमिक, म्हणजे फँटम पॉवर न लागणारा, कंडेन्सरपेक्षा कमी नाजूक कानाचा माइक. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासूनचा, मंचावर सगळ्यांनी हातात धरलेला. रेकॉर्डिंगला हलका समजतात, मी समजत नाही. गळा मोकळा सोडून गाणाऱ्याला, कडक भिंतींच्या खोलीत, तो कंडेन्सरपेक्षा बरा निकाल देतो. मात्र ‘डायनॅमिक खोली ऐकत नाही’ हे अर्धसत्य. त्याचा आवाज कमी म्हणून आपण त्याला ओठांशी धरतो, आणि खोली मागे पडते ती त्या जवळ येण्यामुळे. त्याच अंतरावर, तेवढाच चढवून ठेवला तर तोही खोली ऐकतोच. पॉडकास्टमध्ये दिसतो म्हणून शुअरचाच एसएम७बी मनात आला असेल, तर त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो हे इंटरफेस निवडतानाच बघा. कमी गेनचा इंटरफेस त्याच्यापुढे धापा टाकतो.

तुमची खरी अडचण हार्मोनियम आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही एका शब्दात लिहिलंत. गाताना वाजवणाऱ्याला दोन्ही वेगवेगळं रेकॉर्ड करा म्हणणं सोपं. गळा आणि बोटं एकमेकांना धरून चालतात, वेगळं केलं की दोन्ही पांगळी होतात. तेव्हा एकत्रच घ्या. गळ्याचा माइक समोरून आडवा ठेवण्याऐवजी छातीच्या उंचीवर आणा आणि तोंडाकडे वर वळवा. कार्डिऑइडची पाठ जवळजवळ बहिरी असते, ती पाठ आता पेटीकडे झाली. पेटीचा माइक वरून, पट्ट्यांच्या अंगाला झुकलेला, भात्यापासून लांब. भात्याच्या बाजूला ठेवलात तर स्वराच्या आधी हवा ऐकू येईल. दोन माइकमधलं अंतर हे प्रत्येक माइक आणि त्याच्या आवाजाच्या उगमामधल्या अंतराच्या तिप्पट असावं असा ठोकताळा आहे. बसून गाताना तो पुरता पाळता येत नाही, जमेल तितका पाळा. गिटारला माइक गोल भोकासमोर नको, तिथे नुसता भोंगा येतो. गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पट्टीसमोर (फ्रेटसमोर), वीत-दीड वीत अंतरावर ठेवून थोडा भोकाकडे कलता करा.

माइक आला की पहिल्या संध्याकाळी गाणं रेकॉर्ड करू नका. एकच ओळ घ्या आणि खोलीत सात-आठ जागी, दर वेळी आधी तोंडाने जागा सांगून, तीच ओळ गा: ‘कपाटासमोर’, ‘पलंगाशेजारी, खिडकीकडे पाठ’, असं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानांनी सगळ्या सारख्या पातळीवर आणून ऐका. जी जागा जिंकेल तिथे फरशीवर दोन चिकटपट्ट्या लावा, एक स्टँडच्या पायाशी, एक तुमच्या बैठकीपाशी.